‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचे लेखी उत्तर : ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या कार्यकर्तीने आपला परिचय कसा लिहावा

आपल्याकडे अनोळखी माणूस ओट्यावर टेकला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठले तुम्ही?’ आणि दुसरा, ‘कुणापैकी?’ या दोन प्रश्नांत गाव, भावकी, आडनाव आणि बहुतेक वेळा न विचारता जातही कळून जाते, आणि पुढचे बोलणे कोणत्या सुरात करायचे ते त्यावर ठरते. लग्न होऊन गावात आलेल्या स्त्रीच्या वाट्याला ‘अमक्याची सून’ ही ओळख येते. तिने पुढे दहा वर्षे बचत गटाचे हिशोब लिहिले आणि ग्रामसभेत उभे राहून पाण्याचा प्रश्न लावून धरला, तरी उमेदवारीच्या वेळी पत्रकावर सासऱ्यांचा फोटो मोठा आणि तिचा लहान छापला जातो.

हा लेख अशा स्त्रीसाठी आहे. आपली मूल्ये, आपले काम आणि गावाशी असलेली आपली बांधिलकी यांच्या आधारावर स्वतःची ओळख कशी लिहावी, याची पद्धत येथे क्रमाने सांगितली आहे. फेलोशिपच्या अर्जासाठी, संस्थेच्या मुलाखतीसाठी किंवा गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर जाण्यासाठी परिचय लिहिणाऱ्यालाही यातील बराच भाग लागू पडेल. पण उदाहरण एकच धरून चाललो तर गोष्टी स्पष्ट होतात, म्हणून मी ग्रामपंचायतीच्या प्रभागातून उभ्या राहणाऱ्या बचत गटाच्या सचिवाचे उदाहरण घेतले आहे. ते कल्पित आहे. मात्र त्यातील अडचणी प्रशिक्षण वर्गांत नेहमी समोर येणाऱ्या आहेत.

ग्रामपंचायतीचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गटतट आणि पाठीमागचे पुढारी सगळ्यांना ठाऊक असतात हे खरे; तरी कागदावर मतदारापुढे पक्ष नसतो, फक्त माणूस असतो. त्या माणसाबद्दल पत्रकात काय लिहिलेले असते? ‘कर्तव्यदक्ष, उच्चशिक्षित, निःस्वार्थी, जनसेवेची तळमळ असणाऱ्या, आपल्या हक्काच्या उमेदवार.’ हे वाक्य तपासण्याची एक सोपी रीत आहे. नाव खोडून त्या जागी विरोधी उमेदवाराचे नाव घाला. वाक्य तसेच बिनचूक वाचता आले, तर त्यात तुमच्याबद्दल काहीही लिहिलेले नाही.

लेखणी उचलण्यापूर्वी : कागद गोळा करणे

परिचय लिहायला बसल्यावर बहुतेक जण आधी विशेषणे शोधतात. तसे न करता पहिले दोन दिवस काहीही न लिहिता कागद गोळा करण्यात घालवावेत, कारण आपण केलेल्या कामाची आपली स्वतःची आठवण फार बेभरवशाची असते. मोठे समारंभ लक्षात राहतात आणि रोजचे काम विसरले जाते. वास्तविक ओळख घडते ती रोजच्या कामातून.

बचत गटात काम केलेल्या स्त्रीकडे असे कागद पुष्कळ असतात, पण ती त्यांना ‘कागद’ समजत नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज व्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्री गटातल्या प्रत्येकीला तोंडपाठ असते. या पाचही सूत्रांचा माग कुठल्या ना कुठल्या वहीत उमटलेला असतो. इतिवृत्ताची वही, हजेरी, कर्जवही, बँकेचे पासबुक आणि प्रत्येक सदस्याचे वैयक्तिक पुस्तक समोर ठेवावे आणि एका कोऱ्या कागदावर वर्षवार उतरवावे : किती बैठका झाल्या, त्यांपैकी किती बैठकांना आपण हजर होतो, किती कर्जे दिली गेली, किती थकली आणि थकलेल्यांचे पुढे काय झाले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना हात अडखळतो. तिथे खूण करून ठेवावी; पुढे उपयोगी पडते.

ग्रामसभेत आपण काही मांडले असेल, तर त्याचा ठराव शोधावा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना त्या घेण्याची वहिवाट असल्यामुळे आपला विषय कोणत्या सभेत निघाला होता हे आठवणे सोपे जाते. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याचीही तरतूद आहे आणि स्त्रियांचे कितीतरी विषय तिथे पहिल्यांदा निघालेले असतात; तिचेही इतिवृत्त पाहावे. नक्कल सहज मिळाली नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली साधा अर्ज करता येतो आणि त्यावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता हे काम आधीच उरकावे.

एक गोष्ट येथे सांगून टाकतो. ठरावात आपले नाव सूचक म्हणून सापडेलच असे नाही. विषय बाईने मांडावा आणि वहीत सूचक म्हणून शेजारी बसलेल्या पुरुषाचे नाव यावे, असे घडते. तसे झाले असेल, तर त्या सभेला हजर असलेल्या दोघी-तिघींना विचारून त्यांना काय आठवते ते लिहून घ्यावे. पत्रकात त्याविषयी तक्रार करू नये. पण पुढच्या सभेपासून इतिवृत्त वाचून मगच सही करण्याची सवय लावावी.

मूल्य शोधायचे कसे

‘तुमची मूल्ये कोणती?’ असे विचारले की प्रामाणिकपणा, समानता, सेवा, पारदर्शकता अशी उत्तरे येतात. ही उत्तरे खोटी नसतात, पण ती कुणाचीही असू शकतात. एखादे मूल्य खरोखर आपले आहे का, हे कळते ते त्यासाठी आपण काही गमावले असेल तर. म्हणून येथे प्रश्न बदलावा आणि स्वतःला विचारावे : गेल्या काही वर्षांत असा कोणता निर्णय घेतला, की ज्यामुळे पैसा, वेळ, नाते किंवा लोकांची मर्जी यांपैकी काहीतरी गेले, आणि तरीही तो निर्णय आज पुन्हा तसाच घेऊ?

सावित्रीबाई फुले यांनी १८६८ मध्ये नायगावहून जोतिरावांना लिहिलेले पत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांच्या प्रेमाचा गवगवा झाल्यावर जमाव त्यांना मारून टाकायला निघाला होता आणि सावित्रीबाईंनी इंग्रजी कायद्याची भीती घालून त्यांचे प्राण वाचवले, ही हकिगत त्यांनी त्या पत्रात सांगितली आहे. माणसे कोण होती, प्रसंग काय होता आणि आपण काय केले हे त्या सांगत जातात. त्यांना काय प्रिय होते हे त्यावरून आपोआप कळते.

आपल्या उदाहरणातल्या ताईंना हा प्रश्न विचारला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘जावेला कर्ज दिलं नाही, ते धरायचं का?’ हकिगत अशी, की थकबाकी असताना नवे कर्ज द्यायचे नाही हा गटाचा नियम होता. जावेचे तीन हप्ते थकले होते आणि तिला पुन्हा पैसे हवे होते. घरातून दडपण आले. ताईंनी नियम सर्वांसमोर वाचून दाखवला आणि निर्णय गटावर सोडला. गटाने नकार दिला. त्यानंतर सहा महिने घरात अबोला होता. या प्रसंगातले मूल्य ‘प्रामाणिकपणा’ या शब्दात मावत नाही. ते असे लिहावे लागेल : ‘जो नियम परक्याला, तोच घरच्याला.’ मूल्य असे वाक्यात लिहिता आले तरच ते वापरता येते, कारण वाक्याला कर्ता असतो, कर्म असते आणि ते पाळले गेले की मोडले हे पुढे कुणालाही तपासता येते.

गावांच्या बाबतीतही हेच दिसते. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ‘आम्ही पर्यावरणप्रेमी आहोत’ असे सांगून ओळख मिळवली नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान, शेतीच्या सिंचनासाठी बोअरवेल न घेण्याचा निर्णय आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरवण्याची रीत, या नियमांतून त्या गावाचे मूल्य दिसते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे ठरवले आणि आधी अभ्यास गटात विषय समजून घेण्याची पद्धत पाडली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवताना ही पद्धत त्यांच्या कामी आली. दोन्ही ठिकाणी मूल्य नियमात उतरले आहे, आणि तो नियम सर्वांत आधी स्वतःवरच बंधन घालतो.

अशी दोन किंवा फार तर तीन मूल्ये पुरेत. सात-आठ मूल्ये लिहिणाऱ्याला आपले काय आहे हे अजून सापडलेले नसते.

कामाची वाक्ये

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. आपल्या सार्वजनिक लेखनाला कर्मणी प्रयोगाची जुनी खोड आहे : ‘वृक्षारोपण करण्यात आले’, ‘शिबिर आयोजित करण्यात आले’, ‘निवेदन देण्यात आले’. सरकारी टिपणीत ही रचना सोयीची असते, कारण करणारा बदलला तरी कागद तोच राहतो. परिचयात ती घातक ठरते. करणारा कोण हेच सांगण्यासाठी तर परिचय लिहायचा असतो. म्हणून पहिल्या मसुद्यातले प्रत्येक ‘करण्यात आले’ अधोरेखित करावे आणि विचारावे, कोणी केले? उत्तर ‘मी’ असेल तर ‘मी’ लिहावे, ‘आम्ही आठ जणींनी’ असेल तर तसे लिहावे. ते काम मुळात ग्रामसेवकाने किंवा दुसऱ्या गटाने केलेले असेल आणि आपण केवळ हजर असू, तर वाक्य काढून टाकावे.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. पुरुष उमेदवारांच्या पत्रकात गावाने श्रमदानातून बांधलेला बंधारा ‘मी बांधला’ होतो. स्त्रियांच्या पत्रकात एकटीने तालुक्याला सात हेलपाटे घालून मिळवलेली मंजुरीसुद्धा ‘आम्ही सर्वांनी प्रयत्न केले’ होते. दोन्ही लेखन चुकीचेच. वाक्याचे दोन भाग करून लिहिले की हा गुंता सुटतो : ‘पाण्याची नोंद आम्ही आठ जणींनी ठेवली आणि ती ग्रामसभेत मी वाचून दाखवली.’ यात कुणाचे श्रेय लाटले जात नाही आणि आपले लपतही नाही. ‘मी’ लिहिताना पुष्कळ जणींना फुशारकी मारल्यासारखे वाटते. त्यावर माझे म्हणणे एवढेच आहे, की क्रियापद खरे असेल तर ‘मी’ ही फुशारकी होत नाही. विशेषण मात्र खरे असले तरी फुशारकीच वाटते.

आकडे द्यावेत, पण मोजून. ‘शेकडो महिलांना रोजगार’ असे लिहिण्यापेक्षा ‘गटातल्या १२ जणींपैकी पाच जणींनी गटाच्या कर्जातून शेळ्या घेतल्या, त्यांपैकी तिघींकडे आज शेळ्या आहेत’ हे वाक्य कितीतरी जड आहे. पाचातल्या दोघींचे जमले नाही, हेही त्यात आले. गावात कुणाच्या दारी किती शेळ्या आहेत हे सर्वांना ठाऊक असते. फुगवलेला आकडा पारावर पहिल्या दिवशीच पकडला जातो आणि मग खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. एकंदर कर्जवाटपाचा मोठा आकडा छापण्याचा मोह होतो, तोही टाळावा. पैसे गटाचे आणि बँकेचे असतात. सचिवाचे काम त्यांचा हिशोब चोख ठेवण्याचे असते आणि तेवढेच सांगावे.

कामाचे वाक्य पूर्ण व्हायला चार गोष्टी लागतात : आधी काय स्थिती होती, कोणी काय केले, त्यानंतर काय बदलले आणि काय अजून तसेच आहे. चौथी गोष्ट बहुतेक सर्व पत्रकांतून गायब असते. ‘उन्हाळ्यात मात्र अजूनही अडचण येते’ असे लिहिल्याने मते कमी होतील अशी भीती वाटते. पण ज्या आळीत उन्हाळ्यात हंडे घेऊन हिंडावे लागते, तिथे ‘पाणीप्रश्न सोडवला’ असे छापून आणल्यावर काय होईल, याचा विचार करावा.

बांधिलकी म्हणजे कुणाला उत्तर द्यायचे

‘समाजासाठी काम करते’ या वाक्यातला समाज कोणता? मराठीत या शब्दाची अडचण अशी, की त्याचा अर्थ सगळे लोक असाही होतो आणि आपली जात असाही होतो. ‘समाज मेळावा’ किंवा ‘समाजाचे कार्यालय’ म्हटले की दुसराच अर्थ लागतो. म्हणून परिचयात हा शब्द वापरण्याऐवजी माणसे सांगावीत : वरची आळी, खालची वस्ती, गटातल्या १२ जणी, अंगणवाडीत येणारी मुले, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. नाव घेतले की हद्द ठरते, आणि हद्द ठरली की कोण सुटले तेही दिसते.

कोण सुटले हे लिहिणे बांधिलकीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा असतो, असे मला वाटते. आपल्या ताईंच्या गटात खालच्या वस्तीवरची एकही स्त्री नव्हती. दहा रुपयांची साप्ताहिक बचत जमत नाही म्हणून नव्हे, तर बैठक दुपारी असायची आणि त्या वेळी वस्तीवरच्या स्त्रिया मजुरीला गेलेल्या असायच्या. हे ताईंना ठाऊक होते, फक्त कधी उच्चारले गेले नव्हते. परिचय लिहिताना ते उच्चारावे लागले आणि त्यातून करण्याजोगे एक काम समोर आले.

बांधिलकीची दुसरी बाजू म्हणजे वचन, आणि येथे कायद्याची थोडी जाण लागते. ग्रामपंचायतीचा सदस्य एकटा रस्ता करू शकत नाही. तो ठराव मांडू शकतो, प्रश्न विचारू शकतो, हिशोब पाहू शकतो. निधीलाही बंधने असतात. उदाहरणार्थ, १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला गेला होता. अशा स्थितीत ‘प्रत्येक आळीत सिमेंटचा रस्ता’ हे वचन देणाऱ्याला एक तर व्यवस्था माहीत नसते किंवा मतदाराला ती माहीत नाही असे तो धरून चालतो. सदस्याला शोभणारे वचन आपल्या हातातल्या क्रियापदाचे असावे : मांडीन, विचारीन, वाचून दाखवीन, हजर राहीन. त्याला वार, वेळ आणि जागा जोडली की लोकांना ते तपासता येते.

मसुदा

आता हे सगळे दोनशे-अडीचशे शब्दांत बसवायचे. क्रम असा ठेवावा : कुठे राहते आणि पोट कशावर चालते हे थोडक्यात, मग सर्वांत भक्कम काम, त्यातून दिसणारे मूल्य, राहिलेले काम आणि शेवटी वचन. जन्मगाव, शिक्षण, मुलेबाळे यांना एक-दोन ओळींहून अधिक जागा देऊ नये. ताईंचा तिसरा मसुदा असा झाला :

‘मी वरच्या आळीत राहते. लग्न होऊन या गावात आले त्याला २२ वर्षे झाली. बारावीपर्यंत शिकले आहे. घरची तीन एकर जिरायत जमीन आहे. शेती सांभाळून मी शिवणकाम करते.

२०१६ पासून मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. गटात आम्ही १२ जणी आहोत. पहिल्या बैठकीपासूनची हजेरी, कर्जवही आणि इतिवृत्त मी लिहिले आहे आणि गटातल्या कुणालाही ते केव्हाही पाहता येते. थकबाकी असताना नवे कर्ज द्यायचे नाही, हा आमचा नियम आहे. जो नियम परक्याला, तोच घरच्याला, हे मी पाळले आहे आणि गटातल्या सगळ्या जणी ते जाणतात.

आमच्या आळीला पाणी चार दिवसांनी येत होते. २०२२ आणि २०२३ मध्ये आम्ही हा विषय महिला सभेत आणि ग्रामसभेत मिळून तीन वेळा मांडला. कोणत्या आळीला पाणी किती वेळ सुटते, याची दोन महिन्यांची नोंद आठ जणींनी ठेवली आणि ती ग्रामसभेत मी वाचून दाखवली. त्यानंतर वेळापत्रक ठरले आणि आता पाणी दिवसाआड येते. उन्हाळ्यात मात्र अजूनही अडचण येते.

खालच्या वस्तीवरच्या स्त्रिया महिला सभेला येऊ शकत नाहीत, कारण सभा दुपारी असते आणि त्या मजुरीला जातात. त्यांच्यापर्यंत मी आजवर पोचलेली नाही. निवडून आले तर महिला सभा संध्याकाळी घ्यावी असा ठराव मांडीन. प्रत्येक ग्रामसभेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता देवळाच्या ओट्यावर आणि ११ वाजता खालच्या वस्तीवर बसून, सभेत काय ठरले ते सांगेन.’

यात जावेचा उल्लेख नाही, हे लक्षात आले असेल. पहिल्या मसुद्यात होता. तो काढला, कारण जाऊ उमेदवार नव्हती आणि तिची थकबाकी छापण्याचा अधिकार कुणालाही नव्हता. दुसऱ्या मसुद्यात ‘माझ्या घरातल्या व्यक्तीलाही’ असे शब्द आले. पण घर एवढेसे आणि गाव एवढेसे, तेव्हा ती व्यक्ती कोण हे पाच मिनिटांत कळले असते. शेवटी केवळ मूल्याचे वाक्य राहिले आणि साक्ष गटावर सोपवली. दुसऱ्याच्या अडचणीतून आपला मोठेपणा सिद्ध होत असेल, तर ती गोष्ट आपल्यापुरती ठेवावी. आपण मदत केलेल्या विधवा, आजारी माणसे, व्यसनातून सुटलेले तरुण यांची नावे आणि फोटो छापण्याची जी चाल पडली आहे, तिलाही हाच न्याय लावावा.

देवळाच्या ओट्याबरोबर खालच्या वस्तीवर वेगळी बैठक का, तेही सांगतो. आधीच्या मसुद्यात फक्त देऊळ होते. वस्तीवरच्या एका वयस्क बाईंना कागद वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तिथं आम्ही बसत नाही.’ एवढ्या एका वाक्याने मसुदा बदलला. त्यावरून पुढच्या पायरीचे महत्त्व कळेल.

तीन वाचक

छापण्याआधी परिचय तिघांना मोठ्याने वाचून दाखवावा. पहिली व्यक्ती आपल्यासोबत काम केलेली असावी. तिने प्रत्येक आकडा आणि प्रत्येक ‘मी’ तपासावा. दुसरी व्यक्ती आपल्याशी न पटणारी, पण खरे बोलणारी असावी. अशी माणसे गावात असतात आणि मान देऊन विचारले तर सांगतात. तिला एकच विचारावे, ‘यातले कोणते वाक्य तुम्ही खोडाल?’ तिसरी व्यक्ती, आपण जिच्यापर्यंत पोचलो नाही असे लिहिले आहे, तिथली असावी. घरच्या माणसांना शेवटी दाखवावा. त्यांना पत्रकात घराणे हवे असते, आणि ते आपल्या जागी बरोबरही असतात. पण ही ओळख घराण्याची नव्हे.

हाच परिचय बोलताना

कोपरा सभेत किंवा घरोघर फिरताना दोन मिनिटे मिळतात. कागदावरचा मजकूर पाठ करून म्हणू नये. लिहिण्याची भाषा तोंडात परकी वाटते. चार टप्पे लक्षात ठेवावेत (पाणी, गटाचा नियम, खालची वस्ती, रविवार) आणि आपल्या घरच्या बोलीत बोलावे, मग ती वऱ्हाडी असो, अहिराणी असो की मालवणी. ‘मी काही फार शिकलेली नाही’, ‘मला बोलता येत नाही, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात अनेकींच्या तोंडी बसलेली असते. ती विनयाने येते, पण ऐकणारा तेवढेच धरून ठेवतो. सरळ ‘राम राम’, ‘जय भीम’, ‘नमस्कार’ जे आपल्याकडे चालते ते म्हणावे, आळी सांगावी आणि पाण्याच्या गोष्टीला सुरुवात करावी. कुणी मध्येच अडवून ‘वहिनी, तुम्ही बसा, भाऊंना बोलू द्या’ असे म्हणाले, तर ‘माझं एक वाक्य राहिलंय’ असे हसून सांगून ते पूर्ण करावे. हे उत्तर घरी दोन-चार वेळा म्हणून पाहिलेले बरे. ऐनवेळी सुचत नाही.

काय लिहू नये, याबद्दल थोडेसे

जात, धर्म किंवा देव यांच्या नावाने मत मागणे आचारसंहितेत बसत नाही, तेव्हा तो प्रश्न निकालात निघतो. मात्र आपल्या वस्तीला वगळले गेल्याचा अनुभव कामाचा भाग असेल, तर तो वस्तुस्थिती म्हणून जरूर लिहावा. पुरस्कार एखादा असेल तर वर्षासह एक ओळ द्यावी. पाच असतील तरी एकच ओळ. ‘भावी सरपंच’ हे पद अस्तित्वात नाही. शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे यांबाबत उमेदवारी अर्जासोबत घोषणापत्र द्यावे लागते, तेव्हा पत्रकातले शिक्षण आणि घोषणापत्रातले शिक्षण एकच असल्याची खात्री करावी. ‘पदवीपर्यंत शिक्षण’ अशा संदिग्ध शब्दांनी पुढे नाहक त्रास होतो.

छापलेल्या पत्रकाची एक प्रत गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवावी आणि निकाल काहीही लागला, तरी वर्षभराने गटाच्या बैठकीत ती काढून वाचावी. त्या वेळी जे वाक्य खरे उरले नसेल ते पेन्सिलीने खोडावे आणि नवे काम झाले असेल तर समासात तारीख घालून लिहावे.